भंगारातली मोटर रस्त्यावर आणावी का?

भाईंदर पूर्वेच्या स्टील भांड्यांच्या धंद्यात एक पातेलं तयार होईपर्यंत बरेच गाळे फिरून येतं. पत्रा कापणारा एक, दाबून आकार देणारा दुसरा, पॉलिश मारणारा तिसरा, खोक्यात भरणारा चौथा. या गाळ्यांमधलं अंतर टेम्पो बोलावण्याइतकं मोठं नाही आणि डोक्यावरून माल नेण्याइतकं लहानही नाही. म्हणून मधली ने-आण हातगाडीवर चालते. तिथल्याच गोडदेवात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या एका मामांना या हातगाडीला मोटर लावायची आहे. मोटर त्यांच्याकडे आहे. मोडीत निघालेल्या बॅटरीच्या फोर्कलिफ्टमधली ती 48 व्होल्टची डीसी सिरीज मोटर भंगारवाल्याने त्यांना तांब्याच्या भावात दिली. त्यांची भाची वाहन अभियंता आहे. ती पुण्यात गाड्यांच्या चाचण्यांचं काम करते आणि या बेताला तिचा विरोध आहे. भंगारातल्या मोटरवर घरगुती गाडी उभी करावी का, यावर दोन्ही बाजूंनी जे जे बोलता येतं ते या दोघांच्या वादात येऊन जातं. म्हणून तो वाद संवादाच्याच रूपात मांडला आहे.

मामा : आधी मोटर बघ, मग बोल. शाफ्ट हाताने फिरव. कुठे अडकतो? बेअरिंगचा आवाज नाही. मेगर लावून पाहिला, वाइंडिंग बॉडीला कुठे लागलेलं नाही. कम्युटेटरवर चरे होते, लेथवर हलका हात मारला. पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खाली घेतला, कार्बन नवे टाकले. आता ही मोटर माझ्या मागेही चालेल.

भाची : मोटर चांगली आहे. त्यावर माझं काहीच म्हणणं नाही.

मामा : मग भांडतेस कशाला?

भाची : तू मला मोटर दाखवतोयस आणि मला गाडी दिसतेय. सातशे किलोची.

मामा : सातशे कुठून आणलेस?

भाची : मोज की. सांगाडा आणि चाकं दीडशे. शिसे-आम्ल बॅटऱ्या चार, एकेक तीस किलोच्या आसपास, म्हणजे एकशेवीस. मोटर साठ. चालवणारा सत्तर. माल तीनशे तरी भरशीलच.

मामा : बरं, सातशे. एवढं वजन ओढायला जोर किती लागेल ते तूच सांग. शिकलीस त्याचा उपयोग होऊ दे.

भाची : लहान चाकं आणि आपले रस्ते धरले तर सपाटीवर साधारण 140 न्यूटन. ताशी 15 किलोमीटरला चाकावर 600 वॅटसुद्धा लागत नाहीत. मोटरचा, चेनचा, कंट्रोलरचा तोटा धरून बॅटरीतून 16 अँपियरच्या आसपास जातील. शंभराला पाचचा चढ लागला, तर त्याच वेगाला दोन किलोवॅट आणि 55 अँपियर.

मामा : या मोटरने फोर्कलिफ्टसकट काही टन माल ओढलाय. तिला 55 अँपियर म्हणजे काहीच नाही. आणि 100 अँपियर-तासाच्या चार बॅटऱ्यांपैकी मी निम्मीच वापरीन, म्हणजे त्या टिकतील. थांबत-चालत वीस-पंचवीस किलोमीटर कुठे गेले नाहीत. गाळ्यागाळ्यांत दिवसाला तेवढंही होत नाही.

भाची : तुझा हिशेब बरोबर आहे. पण ही मोटर सिरीज आहे. तिची खोड तुला मी सांगायला नको.

मामा : तिचा गुणही सांग ना. फील्ड आणि आर्मेचर एकाच रांगेत, म्हणून करंट दुप्पट झाला की जोर जवळजवळ चौपट होतो, निदान लोखंड भरेपर्यंत तरी. जागेवरून वजन उचलायला याहून चांगली मोटर पूर्वी कुणाकडे नव्हती. बोरिवली ते विरार 1936 साली विजेवर आलं. पश्चिम रेल्वेवरचा 1500 व्होल्टचा डीसी पुरता गेला तो 2012 मध्ये. मधली कित्येक दशकं खच्चून भरलेली विरार लोकल भाईंदरच्या फलाटावरून ज्या मोटरींनी उचलली, त्या याच जातीच्या होत्या.

भाची : त्या मोटरी दात्यांनी थेट चाकाच्या आसाला जोडलेल्या होत्या. तू चेन लावणार आहेस. चेन तुटली की मोटरवरचा भार गेला. भार गेला की सिरीज मोटर वेग घेत सुटते आणि शेवटी आर्मेचर फुटतं.

मामा : म्हणून तर टेबलावर मी तिला 48 व्होल्ट रिकामे कधी देत नाही. पट्ट्याने घट्ट बांधायची, 12 व्होल्ट लावायचे, आवाज ऐकायचा आणि बंद करायची. गाडीवर चेनच्या जागी शाफ्ट आणि मोडीतल्या तीनचाकीचं डिफरेन्शियल लावीन. वर वेग मोजणारा सेन्सर बसवीन. वेग मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तुटेल.

भाची : पुरवठा तोडणार कशाने?

मामा : एमसीबी आहे की.

भाची : घरातली?

मामा : बरं, तू म्हणशील ती.

भाची : हे हसण्यावारी नेऊ नकोस. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि स्विच उघडताना पडलेली ठिणगी तिथे विझते. डीसी शून्यावर येतच नाही. घरातल्या एमसीबीत ती ठिणगी विझली नाही तर आतलं सगळं जाळू शकते. डीसीसाठीच बनवलेला कॉन्टॅक्टर हवा, डीसीचा फ्यूज हवा, आणि चालवणाऱ्याच्या हाताशी लाल बटण हवं. कंट्रोलरमधले प्रवाह चालू-बंद करणारे मॉस्फेट जातात तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातात. कार्बनवाल्या डीसी मोटरला त्याचा अर्थ एकच, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला. तू मूठ सोडलीस तरी गाडी थांबणार नाही. ई-रिक्षाच्या बिनकार्बनच्या बीएलडीसी मोटरमध्ये तसं होत नाही. तिथे चुंबकीय क्षेत्र फिरवायचं कामच कंट्रोलरकडे असतं, त्यामुळे तो शॉर्ट झाला तर उलट मोटर अडते.

मामा : म्हणजे मोटर बदलू?

भाची : बदलू नकोस. पण ही मोटर वापरायची तर कॉन्टॅक्टरशिवाय चाकसुद्धा हलवायचं नाही.

मामा : ठरलं. आता माझं ऐक. भंगारवाला ही मोटर फोडणार होता. जुन्या मोटरी पेटवून देतात, वार्निश जळालं की तांबं सुटतं. तो धूर या वस्तीनेच गिळायचा. तांबं पुन्हा वितळवायचं, तार ओढायची, नवी मोटर बनवायची. कशासाठी? बेअरिंग आणि कार्बन बदलले की चालणारी वस्तू मोडीत काढायची? मोटर सहसा मरत नाही, बाय. तिचं बेअरिंग जातं, कार्बन झिजतो, इन्सुलेशन करपतं. तिन्ही मी या टेबलावर बदलू शकतो.

भाची : पटतं. त्यात आणखी एक सांगते. जाळून तांबं काढलेली मोटर नंतर कुणी बांधली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. पत्र्यांच्या चकत्यांमधलं वार्निशही जळालेलं असतं, कोअर जास्त तापतो आणि वीज जास्त खातो. तेव्हा जळण्याआधी मोटर वाचवणं हे काम चांगलंच आहे. पण बॅटरी कुठून आणणार आहेस?

मामा : सध्या शिशाच्याच. पुढे बघू. जुन्या स्कूटरच्या पॅकमधले लिथियम सेल मिळतात. तपासून घेतले तर बॅटरीचं वजन पाव होईल.

भाची : ते करायचं नाही.

मामा : का? मोटर भंगारातली चालते आणि सेल चालत नाही?

भाची : नाही चालत. मोटरचा दोष तुझ्या बोटाला, कानाला, नाकाला कळतो. चरा दिसतो, बेअरिंग वाजतं, करपल्याचा वास येतो, मेगर उरलेलं सांगतो. सेलचा दोष असा बाहेर येत नाही. तो कधी तरी थंडीत चार्ज झालेला असतो, कधी तरी पार उतरलेला असतो, आत धातूचे काटे वाढलेले असतात आणि व्होल्टेज मात्र बरोबर दाखवतो. मग एक दिवस चार्जिंगला असताना पेटतो. सप्टेंबर 2022 मध्ये खाडीपलीकडे वसईत काय झालं, ते तुला ठाऊक आहे. घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा भाजून गेला.

मामा : ती बॅटरी भंगारातली नव्हती. दुकानातल्या गाडीची होती.

भाची : म्हणूनच म्हणते. कारखान्यात बांधलेला पॅकही असा जाऊ शकतो, तर कुठून कुठून गोळा केलेल्या सेलचा भरवसा कसा धरायचा?

मामा : सेल नाहीत. शब्द दिला. शिशाच्याच बॅटऱ्या, त्याही नव्या.

भाची : आणि चार्जिंग उघड्यावर किंवा भरपूर वारा असलेल्या जागी. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. पान्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळ. दोन टोकांवर पाना पडला तर तो तिथेच वितळून चिकटतो.

मामा : ते तू जन्मायच्या आधीपासून करतोय.

इथपर्यंत मामा आणि भाची एका बाजूला येत गेले होते. कामाच्या तपशिलावर जाणत्या माणसांचं सहसा जमतं. रस्त्याचा विषय निघाला तेव्हा खरा मतभेद पुढे आला.

मामा : सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे करतो. आता गाडी नाक्यापर्यंत नेऊ?

भाची : नाही.

मामा : अजून काय राहिलं?

भाची : नोंदणी राहिली. मोटर वाहन कायदा 1988 चा. सार्वजनिक रस्त्यावर यंत्राने चालणारं वाहन नोंदणीशिवाय आणता येत नाही. आणि नोंदणीसाठी त्या नमुन्याला चाचणी संस्थेची मान्यता लागते. पुण्याची एआरएआय किंवा तसलीच दुसरी. ती मान्यता गाड्या बनवून विकणाऱ्या कंपनीला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. एकच गाडी बनवणाऱ्या माणसासाठी ती नाही.

मामा : आणि जुन्या गाडीत मोटर बसवली तर? रेट्रोफिट म्हणतात ते?

भाची : त्यालाही एआयएस-123 हे मानक आहे. पण मान्यता मिळते ती किटला, अमुक मॉडेलच्या गाडीसाठी. ठाण्याच्या गोगोएवन या कंपनीने 2021 मध्ये स्प्लेंडरसाठी असं किट आणलं. तू तुझ्या टेबलावर केलेला बदल त्यात बसत नाही. उलट 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मामा : सांगलीच्या लोहारांचं काय मग? देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार. भंगारातून चारचाकी बनवली, खर्च साठ हजार, लाथ मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी बोलेरो दिली त्यांना. आख्ख्या देशाने कौतुक केलं.

भाची : बोलेरो बक्षीस म्हणून दिली नाही, बदल्यात दिली. डिसेंबर 2021 मध्ये महिंद्रांनी कौतुक केलं, तिथेच लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. लोहारांची गाडी कंपनीकडे गेली, जानेवारीत लोहार बोलेरोत बसले.

मामा : म्हणजे कारागिराचं कौतुक करायचं आणि त्याचं काम काचेत ठेवायचं. तुला हे बरोबर वाटतं?

भाची : बरोबर वाटत नाही. पण दुसरी बाजूही आहे. 2021 च्याच ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगीला, घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत पंखा तुटला आणि बनवणारा तरुण त्यात गेला. त्याच्याही हातात कला होती. मशीन सुरू करण्याआधी दुसऱ्या कुणी जाणत्याने ते पाहिलं असतं तर?

मामा : तो उडायला निघाला होता, बाय. मी पातेली वाहतोय.

भाची : पातेली वाहताना समोर शाळेतून सुटलेलं पोर येतं. ताशी 15 ला दचकण्यात एक सेकंद गेला आणि ब्रेक ठीकठाक लागला, तर थांबेपर्यंत सात मीटर जातात. 25 ला पंधरा मीटर. गल्लीत पंधरा मीटर मोकळे असतात का कधी?

मामा : हातगाडीला तरी ब्रेक कुठे आहे? उतारावर तीनशे किलो माल हमालाच्या छातीवर येतो. तिची नोंदणी नाही, विमा नाही, तिला कुणी अडवत नाही. हमालाची कंबर मोडली तर तुझं कुठलं मानक आड येतं?

भाचीकडे याला लगेच उत्तर नव्हतं. नियम पाळणाऱ्यांना हा प्रश्न अवघडच जातो. ज्या वाहनाने रोज माणूस झिजतो ते नियमाबाहेर असल्यामुळे चालू शकतं, आणि तो झिजू नये म्हणून बनवलेलं वाहन नियमात अडकतं.

भाची : हमालाबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. पण विम्याचं ऐक. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. तुझ्या गाडीने कुणाचा पाय मोडला तर भरपाई तुझ्या खिशातून जाईल, दुकान विकून जाईल. आणि ज्याचा पाय मोडला त्याला विमा कंपनीकडून मिळालं असतं तेवढं तू देऊ शकणार नाहीस. नियम आपल्याला त्रास द्यायला केलेत असं आपण धरून चालतो. इथे तो ज्याला धडक बसणार त्याच्यासाठी आहे.

मामा : तर मग त्या माणसासाठी तुझा नियम माझी गाडी तपासायला का येत नाही? मी कुठे पळतोय? ब्रेक तपासा, स्टिअरिंग तपासा, वायरिंग उघडून बघा. तपासायला कुणी तयारच नाही, ही माझी तक्रार आहे. कांदिवलीत, इथून चार स्टेशनांवर, अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. त्यांना किती वर्षं फिरवलं! पण शेवटी 2017 मध्ये विमानाची नोंदणी झाली, 2019 मध्ये उडवायचा परवाना मिळाला. गच्चीवरच्या विमानाला कागद मिळतो आणि गोडदेवच्या गाडीला मिळत नाही?

भाची : इथे मात्र मी तुझ्या बाजूची आहे. ब्रिटनमध्ये एका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची सोय आहे, आणि त्यात हौशी माणसाने घरी बनवलेल्या गाडीसाठी वेगळा वर्ग आहे. जर्मनीत तज्ज्ञ एकेक गाडी पाहून तिला कागद देतात. अमेरिकेत जॉन वेलँड नावाच्या माणसाने 1972 च्या डॅटसनमध्ये फोर्कलिफ्टच्याच मोटरी बसवल्या आणि शर्यतीत भल्याभल्या पेट्रोल गाड्यांना मागे टाकलं. ती गाडी रस्त्यावरही नोंदणीने चालत होती. म्हणजे भंगारातली मोटर आणि कायदा यांचं जन्मजात वैर नाही. आपल्याकडे फक्त एकट्या गाडीची तपासणी करून तिला आत घेणारी पद्धत नाही.

मामा : इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांची मीरा गाडी आठवते? तू कुठली आठवणार, तुझ्या आजोबांच्या तोंडी असायची. फारसं शिक्षण नाही, 1949 च्या सुमारास छोटी मोटार बनवली, पुढे कित्येक वर्षं नमुना सुधारत राहिले. कारखाना काही उभा राहिला नाही. आपल्याकडे हे जुनंच दुखणं आहे.

भाची : त्यांना गाडी बनवून विकायची होती. विकणाऱ्याला पूर्ण चाचण्या हव्यातच, त्यात मी सूट मागणार नाही. तू एकच बनवतोयस, स्वतःसाठी. या दोघांना एकाच गाळणीतून काढणं चूक आहे, एवढंच मी म्हणते.

मामा : आणि तोवर?

भाची : तोवर वेग सोड. ताशी 4 किलोमीटर, माणसाच्या चालीने. सातशे किलोला त्या वेगाने सपाटीवर दीडशे वॅटच्या आसपास पुरतात. चालवणारा सत्तर किलोचा माणूस गाडीवर न बसता बाजूने चालला तर त्याहूनही कमी. मूठ सोडली की बंद पडणारा स्विच ठेव. हमालाची कंबर वाचली आणि पोरगं आडवं आलं तर गाडी दोन-तीन पावलांत थांबली.

मामा : दीडशे वॅटला ही मोटर? तेवढं तर बंद पडलेल्या ई-सायकलची चाकातली मोटर करील. साठ किलोचं धूड उचलून आणलं कशाला मग?

भाची : तेच म्हणते. भंगारात हाताला काय लागलं यावरून गाडी ठरवू नये. गाडीला काय लागतं ते काढून मग भंगारात जावं.

मामा : मोठी मोटर कमी करंटवर चालवली तर गार राहते, वर्षानुवर्षं चालते. कंट्रोलरला 20 अँपियरची मर्यादा घातली की झालं.

भाची : तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण कायदा मोटरची क्षमता बघतो. अर्ध्या तासाची क्षमता पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 पेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, ब्रेक आणि रिफ्लेक्टर लावलेले, असं असेल तरच बॅटरीवरच्या वाहनाला मोटर वाहन मानत नाहीत. तुझी एकटी मोटरच साठ किलोची आहे.

मामा : म्हणजे सायकलला छोटी मोटर लावणारा सुटला.

भाची : पूर्ण सुटला नाही. त्या अटी पाळल्यात हे चाचणी संस्थेने पाहून मान्य करायचं असतं.

मामा : सायकलला जुनी मोटर लावायची तरी पुण्याला जायचं?

भाची : हो. आणि ते मला पटत नाही. कारखान्याला हा नियम शोभतो, एकट्या माणसाला नाही.

मामा : चला, एका नियमाला तरी तू नाही म्हणालीस.

भाची : नियम नको असं म्हणाले नाही. माणसाला नियम परवडला पाहिजे असं म्हणाले. तू गाडी गेटच्या आत चालव. आणि आत म्हणजे खरंच आत. जिथे कुणीही ये-जा करू शकतं ती जागा कायद्याने सार्वजनिकच धरली जाते.

मामा : आवारात चालवीन. पण एक दिवस ही गाडी नाक्यावर नेणार. लपूनछपून नाही, तपासून घेऊन. तेव्हा तू तपासणारीच्या खुर्चीत बस.

भाची : बसले तर पहिल्यांदा तुझा ब्रेक नापास करीन.

दोघांचं शेवटपर्यंत पूर्ण जमलं नाही. मामांना वाटतं, काम चोख असेल तर कागद मागून यायला हरकत नाही. भाचीला वाटतं, काम चोख आहे हे ठरवणारा दुसरा कुणी असायलाच हवा. या वादात मला भाचीचं म्हणणं रस्त्यापुरतं बरोबर वाटतं आणि मामांचं कारखान्याच्या आवारापुरतं. भंगारातली मोटर पुन्हा वापरणं हे शहाणपणाचं आणि काटकसरीचं काम आहे, कारण तिचे दोष तपासता येतात आणि दुरुस्त करता येतात. भंगारातले लिथियम सेल घरच्या गाडीत घालणं मात्र शहाणपणाचं नाही, मग ते कितीही स्वस्तात मिळोत. आणि तपासणी न झालेली गाडी, तिची मोटर नवी असो वा जुनी, गर्दीच्या रस्त्यावर आणण्याचा हक्क कुणाला नाही.

पण तपासणी मागणाऱ्याला ती मिळाली पाहिजे. मीरा-भाईंदरला 2025 मध्ये एमएच-58 हा स्वतःचा नोंदणी क्रमांक मंजूर झाला. तिथल्या परिवहन कार्यालयात महिन्यातला एक दिवस घरी बनवलेल्या, ताशी 25 च्या आतल्या, मालकाने स्वतःपुरत्या वापरायच्या वाहनांसाठी ठेवायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, भरल्या गाडीचं वजन, बॅटरी कोणती आणि कशी बसवली, आणि हाताच्या अंतरावर पुरवठा तोडणारं बटण, इतकं पाहायचं. जवळच्या तंत्रनिकेतनातले शिक्षक या कामाला बोलावता येतील. पास झालेल्या गाडीला मर्यादित भागापुरती नोंदणी आणि त्रयस्थाचा विमा द्यायचा, नापास झालेल्याला काय सुधारायचं ते लेखी द्यायचं. यासाठी केंद्राच्या नियमांत एकट्या वाहनाच्या मान्यतेचं कलम घालावं लागेल. राज्याच्या परिवहन खात्याने ती मागणी दिल्लीकडे करावी. ती मान्य होईपर्यंत मामांसारख्या प्रत्येक कारागिराला एकच सांगणं आहे: मोटर वाचवा, गाडी बनवा, जाणत्या माणसाकडून तपासून घ्या आणि गेटच्या आतच चालवा.